डिकीवरचा रहाट

गाडी दुकानासमोर थांबली, की मालक खाली उतरायच्या आत मी त्याचा पक्ष सांगायचे. कराडच्या कोल्हापूर नाक्यावर पंचवीस वर्षं रेडियमचं दुकान चालवलेल्या बाईला एवढं यायलाच हवं. नंबरप्लेट, कुलदैवताचं नाव, मुलांची नावं आणि निवडणूक जवळ आली की पक्षांची चिन्हं, हे सगळं चिकट कागदातून मशीनवर कापायचं आणि गाडीवर लावायचं, हा माझा धंदा. आमच्याकडे दोनच पक्ष चालतात, पिंपळपान आणि रहाट. पिंपळवाला आला की आधी शेजाऱ्याच्या गाडीवर केवढं पान आहे ते विचारणार आणि त्याहून बोटभर मोठं मागणार. रहाटवाला घरून मोजपट्टी घेऊन येणार, रहाट वाकडा बसला म्हणून दोनदा काढायला लावणार. पिंपळवाल्याच्या गाडीत पायाखाली शेंगांची टरफलं. रहाटवाल्याच्या गाडीत सीटवरचं प्लास्टिक पाच वर्षांनीही काढलेलं नाही.

दहातले सात अंदाज बरोबर यायचे. चुकलेले तीन मी विसरून जायचे.

माझं स्वतःचं मत रहाटाला. पण माझ्या मोपेडवर आजवर काही चिकटवलेलं नाही. दुकानात दोन्हीकडची गिऱ्हाइकं येतात, तेव्हा रेडियमवाल्यानं आपली गाडी कोरी ठेवायची, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. हा रिवाज मला पुढे केवढ्याला पडणार आहे, ते तेव्हा कुठे माहीत होतं.

पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीची तीन माणसं दुकानात येऊन आठवडाभर बसली. गाडी आली की मी पक्ष सांगायचा, कशावरून ते सांगायचं, आणि हा माणूस रस्त्यावर कसा वागेल तेही सांगायचं. त्यांनी म्हणे राज्यभरातल्या रेडियमवाल्यांना असंच विचारलं होतं. मला काय, बोलायला माणसं मिळाली. लग्न मोडून माहेरच्या गावी आलेली, दुकानाच्या वरच्या खोलीत एकटी राहणारी बाई मी. मी चहा पाजला आणि भरभरून सांगितलं. पिंपळवाला दिवा न देता वळतो. रहाटवाला मेला तरी वाट देत नाही.

त्यातून 'चाहूल' तयार झाली.

चाहूल म्हणजे समोरच्या काचेला आतून लावायची बोटभर रुंद पट्टी. तिला दोन कॅमेरे आणि एक गोड आवाज. पुढच्या गाडीचं चिन्ह, तिच्यावरची धूळ, काचेला टांगलेलं लिंबू, मागे ठेवलेली उशी, हे सगळं ती बघते आणि आत कोण बसलंय याचा अंदाज बांधते. मग सांगते, "पुढे पिंपळ. अचानक वळण्याची शक्यता. अंतर वाढवा." नव्या गाड्यांत तर ती स्वतःच वेग कमी करते. विमा कंपन्यांनी हिशेब मांडला होता की हायवेवरच्या निम्म्या मारामाऱ्या चिन्हं बघून होतात. त्यांनी चाहूल सक्तीची केली आणि पहिल्या वर्षी अपघात खरंच कमी झाले. ते नाकारण्यात अर्थ नाही.

आता यातली मेख बघा. मागची गाडी आपल्याला बघून लांब राहते, दिवे मारते, हे पुढच्याला आरशात दिसतं. त्याचं डोकं फिरतं. तो मुद्दाम मध्ये घुसतो किंवा वाट अडवतो. चाहूल ते टिपून ठेवते आणि म्हणते, बघा, मी सांगितलंच होतं. दुसऱ्या दिवशी तिचा अंदाज आणखी पक्का, अंतर आणखी जास्त, आणि पुढच्याचा राग आणखी मोठा. दोन वर्षांत दोन्हीकडची माणसं, मी चहा पिता पिता जसं सांगितलं होतं, अगदी तशी वागायला लागली. यंत्राला माणसं कळली नव्हती. त्यानं ती तशी करून घेतली होती.

मग चाहुलीला 'हाक' जोडली गेली. गाडी बंद पडली, छातीत दुखायला लागलं, तर बटण दाबायचं. जवळच्या गाड्यांना निरोप जातो. पण कुणाला जातो, तर ज्यांचं आपल्याशी जुळतं त्यांनाच. मदतीला थांबलेल्यांची भांडणं नकोत म्हणून ही सोय. ज्याचा अंदाज लागत नाही त्याला चाहूल 'अनिश्चित' म्हणते. अनिश्चिताच्या आसपासच्या सगळ्याच गाड्यांना सांगते, थांबू नका.

माझी कोरी मोपेड पहिल्या दिवसापासून अनिश्चित होती.

*

शिवरात्रीनंतरच्या रविवारी दुकानासमोर एक लाल गाडी थांबली. या वेळी अंदाज बांधायची गरज नव्हती. ती माझ्या भावाची, हणमंतदादाची गाडी होती. सात वर्षांनी माझ्या दारात आली होती.

दादा वीज बोर्डात वायरमन होता, आता निवृत्त होऊन पाटणला एकटाच राहतो. तो पक्का पिंपळवाला. माझं लग्न मोडलं तेव्हा कापायचं पहिलं मशीन त्यानंच आणून दिलं होतं, तेही टेम्पोत माझ्या शेजारी बसून, पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

तो आत आला आणि माझ्याकडे न बघता मशीनकडे बघत म्हणाला, "पान तिसऱ्यांदा लावलंय. तरी अनिश्चित दाखवतंय."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं. चाहुलीला नवं डोळं बसवलं न्हवं का, धुक्यात दिसायला. तवापासनं."

"मग माझ्याकडे कशाला आलास? पाटणात रेडियमवाले आहेत की."

"त्येंला कळंना. एक म्हणला, गाडीवर पैलं चित्र ज्येनं लावलं त्येच्याकडं जावा."

तो बाकावर बसला. पूर्वीपेक्षा बारीक झाला होता, शर्ट खांद्यावरून उतरत होता. पाणी दिलं ते त्यानं घेतलं. मग जमिनीकडे बघत मागच्या महिन्यातली गोष्ट सांगितली. चिपळूणला निघाला होता. कुंभार्ली घाटात छातीत कळ आली. गाडी कडेला घेऊन त्यानं हाक दाबली. दोन तास बसून होता. सात गाड्या गेल्या, तीन रहाटाच्या, चार पिंपळाच्या. एकही थांबली नाही. शेवटी डेअरीची जुनाट जीप आली. तिला चाहूलच नव्हती, म्हणून तिचा ड्रायव्हर थांबला.

"डॉक्टर म्हणला, अजून अर्धा तास झाला असता तर..." दादानं पेला खाली ठेवला. "रहाटवाल्यांचं सोड. पर आपलीबी थांबली न्हाईत."

"त्यांना कळलंच नसेल, दादा. अनिश्चिताची हाक कुणाला जात नाही."

"त्ये मला म्हाईत हाय. पर काचेतनं बघत गेली ना."

पूर्वी त्याच्या गाडीतून चार मित्र रोज कराडला येत. दसऱ्यानंतर तेही यायचे बंद झाले. अनिश्चित गाडीत बसलं की बसणाऱ्याचीही नोंद बिघडते. म्हणजे माझ्या भावाला घाटात मरायला सोडणारी आणि घरात एकटं पाडणारी गोष्ट त्याच्या डिकीवर कुठेतरी होती, आणि ती काढून देणं एवढंच माझ्या हातात होतं.

मी हीटगन घेऊन डिकीवरचं पान काढलं. चांगलं ताटाएवढं पान, खाली सबंध डिकीभर हिरवा कागद. काढल्यावर नुसत्या डोळ्यांना लाल पत्रा दिसला. मग मी चाहुलीची नवी पट्टी हातात धरून तिच्या कॅमेऱ्यातून बघितलं.

पत्र्यावर रहाट होता. बारा आरे, त्यातला एक आखूड. तो आरा मशीनवर माझ्याच चुकीनं आखूड कापला गेला होता.

"काय हाय?" दादानं विचारलं.

"रहाट आहे. माझा."

तो बाकावरून उठून डिकीजवळ आला.

*

सात वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेची गोष्ट. दादाची लाल गाडी नवी होती. जेवण करून तो झोपला, तेव्हा वसंतावहिनीला पुढे करून मी त्याच्या डिकीवर रहाट लावला. उठल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. वहिनी हसून हसून खाली बसली. दादा म्हणाला, उद्याच्या उद्या उपटून टाकतो.

दोन महिन्यांनी निवडणूक झाली आणि रहाट निवडून आला. वहिनी तेव्हा आजारी होती, डोक्याचं दुखणं, आवाज सहन होत नसे. मिरवणुकीनं नेमके दादाच्या दारासमोर अर्धा तास फटाके लावले. टेम्पोंवर सगळे रहाट माझ्या हातचे. दादाचा फोन आला, "तुमच्या माणसांना जरा तरी काळीज हाय का?" मी म्हणावं काय, तर म्हणाले, "मागच्या वेळी तुमच्या माणसांनी काय केलं होतं ते आठव." माझं बोलणं खोटं नव्हतं. पण वहिनी कशी आहे ते मी विचारलं नाही. फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "तुझं चित्र उपटून नाल्यात टाकलंय." त्यानंतर आम्ही बोललो नाही. वहिनी गेली तेव्हा मी पाटणला गेले, बायकांच्या मागे उभी राहिले आणि कुणी बस म्हणायच्या आत परत आले.

आता डिकीवरची ती खूण कशी राहिली ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. ऊन लागलं की तो थर आणि खालचा रंग हळूहळू विटतो, लाल रंग सगळ्यात लवकर. वर चिकट कागद असेल तर त्याखालचा रंग ताजा राहतो. कागद काढला तरी ताज्या रंगाची आकृती मागे उरते. आपल्या डोळ्यांना ती दिसेनाशी होते, पण धुक्यातून बघणाऱ्या नव्या कॅमेऱ्याला स्पष्ट दिसते. दादानं रहाट काढला आणि त्याच जागी मोठं पान लावलं. तिथेच घात झाला. उघडं ठेवलं असतं तर उन्हानं दोन्ही रंग आपोआप एक केले असते. पानानं झाकल्यामुळे रहाटाची आकृती होती तशी जपली गेली. आणि तो हिरवा रंग कॅमेऱ्याच्या नव्या डोळ्याला काचेसारखा आरपार. चाहुलीला पान दिसत होतं आणि पानाखाली रहाट.

"रंग मारून घेऊ?" दादानं विचारलं.

"रंग मारलेला पत्रा ती लगेच ओळखते. लपवाछपवी म्हणून कायमचं लिहून ठेवेल."

मी दुकानाच्या गच्चीवर गेले. माझ्या गच्चीवर पत्र्याच्या पाट्या ठेवलेल्या असतात, प्रत्येक रंगाची एक. प्रत्येक पाटीवर ओळीनं पट्ट्या चिकटवलेल्या, दर वर्षी एक काढायची. कोणता रंग किती उन्हाळ्यांत किती विटतो, ते गिऱ्हाइकाला दाखवायला आमच्या धंद्यात ही पाटी लागते. मी लाल पाटी खाली आणली, मीटर लावला आणि दादाच्या डिकीवरच्या ताज्या रंगातला आणि आजूबाजूच्या विटलेल्या रंगातला फरक मोजला. मग पाटीवर तेवढाच फरक कुठे येतो ते बघितलं.

चौथ्या पट्टीवर आला. मी पुन्हा मोजलं. पुन्हा चौथी.

नाल्यात टाकलेला रहाट चार उन्हाळे त्या डिकीवर होता. आम्ही एका शब्दानं बोलत नव्हतो तेव्हा, वहिनी आजारी होती तेव्हा, ती गेली त्यानंतरही. पिंपळाच्या सभांना, पिंपळाच्या मित्रांना घेऊन तो माझा आखूड आऱ्याचा रहाट मिरवत हिंडला होता. मी पाटी उलटी ठेवली आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला रडू आवरत नव्हतं आणि त्याला ते दाखवायचंही नव्हतं.

बाहेर आल्यावर मी फक्त उपाय सांगितला. काळ्या जाड कागदातून रहाट कापून टाकायचा आणि उरलेला भाग, जो एरवी आम्ही कचऱ्यात टाकतो, तो डिकीवर लावायचा. म्हणजे आजूबाजूचं सगळं झाकलं जाईल आणि फक्त ताजी आकृती उघडी राहील. त्यावर छपाईची शाई वाळवायचा माझा जांभळा दिवा लावायचा. दिवसभराच्या दिव्यात उन्हाळ्यातला एक महिना भरतो. चार उन्हाळ्यांचे सोळा महिने. म्हणजे दर रविवारी एक, असे सोळा रविवार.

"आन् तवर गाडीवर काय दिसंल?" दादानं विचारलं.

"काळ्यात लाल रहाट दिसेल. अगदी ठसठशीत. चाहूल तुला सोळा आठवडे रहाटवाला म्हणेल."

"पाटणात काय सांगू?"

"बहिणीनं लावलाय म्हणून सांग."

त्यानं चटकन माझ्याकडे बघितलं, आत आल्यापासून पहिल्यांदा. मग नजर वळवून म्हणाला, "लाव."

*

पहिले तीन रविवार तो दुकानात बसून राहायचा. वर्तमानपत्र वाचायचा, तेच पुन्हा वाचायचा. चहा दिला की "ठेव" म्हणायचा. मी गिऱ्हाइकांचं काम करायचे. दिव्याचा घूं आवाज आणि मशीनची खरखर, बाकी काही नाही. एवढ्याशा दुकानात दोघं बसून दोघंही एकटी. मला वाटायचं, सोळा रविवार असेच जाणार आणि मग हा निघून जाणार. तिसऱ्या रविवारी त्यानं न विचारता माझा जुना फ्यूज बदलला. मी थँक्यू म्हणाले, तर त्याला राग आला.

चौथ्या रविवारी तो अर्धा तास उशिरा आला. हात काळे झाले होते.

"पंक्चर झालं, मल्हारपेठेच्या अलीकडं," तो म्हणाला. "हाक दाबली. सा मिनिटांत तीन गाड्या. तिन्ही तुमच्या."

"मग?"

"मग काय, मला हात लावू देईनात. एकानं चाक काढलं, एकानं जॅक धरला. तिसऱ्यानं थर्मासमधनं चा पाजला. बसा म्हणले, मामा." तो हात धुवायला लागला. "चा पिता पिता पिंपळवाल्यांचं सुरू झालं. वळताना दिवा देत न्हाईत, समोरून आले की लाईट खाली करत न्हाईत, बायकांना बघून कट मारत्यात."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणू? आम्ही गाडीत बसून रहाटवाल्यांबद्दल हेच बोलायचो. लाईट खाली करत न्हाईत म्हणून. शब्दान् शब्द त्योच." तो साबण पुन्हा पुन्हा हाताला लावत होता. "निघताना म्हणलं, लई उपकार झाले. तर त्यो म्हणला, आपल्या माणसासाठी न्हाई थांबायचं तर कुणासाठी. मला लाज वाटली, रोहिणी. पर चा चांगला हुता."

सात वर्षांनी त्यानं माझं नाव घेतलं होतं. मी पाठ वळवून मशीनमध्ये कागद घालत बसले, सरळ घातलेला कागद दोनदा काढून पुन्हा घातला.

त्यानंतर तो बोलायला लागला. घरी टीव्ही दिवसभर लावून ठेवतो म्हणाला, बघत नाही, नुसता लावून ठेवतो. वहिनीची शेवटची दोन वर्षं सांगितली. मी त्याला सांगितलं की मी जेवताना दुकानातल्या कॅलेंडरशी बोलते. तो हसला नाही. "काय बोलतीस?" म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं, की गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगते.

मग एका रविवारी, एप्रिल संपत आला होता, दादानं दारातल्या माझ्या मोपेडकडे बोट दाखवलं. "हिला काय दाखवतं गं?"

"अनिश्चित."

"कवापासनं?"

"चाहूल आली तेव्हापासून. कोरी आहे ना."

"म्हंजी चार वर्सं." त्यानं बोटांवर मोजलं. "मग हाक मारलीस तर?"

"मारून उपयोग काय? परवाच्या पावसाळ्यात ओगलेवाडीजवळ बॅटरी बसली. ढकलत आणली."

"कोण थांबलं न्हाई?"

"माझ्या हातचे रहाट आणि माझ्या हातची पानं लावलेल्या गाड्या गेल्या की शेजारून. मी मोजत होते. माझं काम मला लांबूनही ओळखू येतं."

त्या दिवशी जाताना दादानं माझ्या मोपेडचं चाक दाबून हवा बघितली, मग स्वतःच्या गाडीत बसला.

*

चौदाव्या रविवारी सकाळी मी मीटर लावला आणि काटा हललाच नाही. आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांचं मे महिन्यातलं ऊन मी धरलं नव्हतं. काम दोन आठवडे आधीच संपलं होतं. रहाट पत्र्यात विरून गेला होता.

दादानं विचारलं, "कितीसं ऱ्हायलंय?"

"थोडं आहे अजून," मी म्हणाले.

दिवा डिकीवर ठेवला, वर कापड टाकलं आणि बटण मात्र दाबलं नाही. जास्त प्रकाश लागला तर आकृती उलटी उमटली असती, फिकी, आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असती, म्हणून आकृतीवर ऊन अडवणारा पारदर्शक कागदही लावून टाकला. दिव्याचा पंखा तेवढा लावला, आवाज यावा म्हणून. लबाडीच होती ती. मला आणखी दोन रविवार हवे होते, त्यापलीकडे माझ्याजवळ कारण नव्हतं. पंधराव्या रविवारीही तसंच केलं. दादानं दोन्ही दिवस वर्तमानपत्र वाचलं, माझ्याबरोबर पिठलं-भाकरी खाल्ली आणि उन्हं कलल्यावर गेला.

सोळाव्या रविवारी मी काळा कागद काढला. डिकी एकसारखी लाल. चाहुलीची पट्टी धरून बघितलं, पानही नाही, रहाटही नाही.

"झालं," मी म्हणाले. "खरं सांगायचं तर दोन आठवड्यांपूर्वीच झालं होतं. दिवा बंद होता."

"म्हाईत हाय," दादा म्हणाला. "तीस वर्सं वायरमन हुतो. दिवा जळतोय का न्हाई, मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू का बोलली न्हाईस?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याऐवजी मी आतून लाल पाटी आणली आणि त्याच्यासमोर धरली. चौथ्या पट्टीवर बोट ठेवलं. "दादा, तू म्हणाला होतास, नाल्यात टाकला."

त्याला पाटी माहीत होती. पूर्वी त्यानंच ती गच्चीवर तारेनं बांधून दिली होती. त्यानं पट्ट्या मोजल्या, मग हातानं तोंड पुसलं.

"मित्र म्हणायचे काढ," तो म्हणाला. "म्या म्हणायचो, बहिणीनं लावलाय, ऱ्हाऊ दे. हसायचे. तवा हसायचे लोक. मग चाहूल सक्तीची झाली, आन् ते चौघं म्हणले, ह्या गाडीत आमी बसणार न्हाई." तो बाकावर टेकला. "वसंता गेलेली. घरात बोलायला कोण न्हवतं. गाडीतली तेवढी चार माणसं हुती. त्येंच्यापायी काढला मी."

"बरं केलंस."

"बरं न्हाई केलं. त्येबी गेलेच की."

मी डोळे पुसले, लपवून वगैरे नाही, सरळ ओढणीनं पुसले. मग धंद्याचं विचारलं, कारण विचारणं भाग होतं. "आता काय लावू? पान लावलं की उद्यापासून स्वच्छ पिंपळवाला होशील. घाटात काही झालं तर माणसं थांबतील. मित्र पुन्हा गाडीत बसतील."

हिरवा कागद मी कापून तयार ठेवला होता. त्याला छातीचं दुखणं आहे, हे मला विसरता येत नव्हतं. त्यानं पान लावून घ्यावं, असंच मला मनापासून वाटत होतं. ते लावलं की तो रविवारी येणार नाही, हेही मला कळत होतं.

दादानं पान हातात घेतलं, उजेडात धरून बघितलं. "चांगलं कापलंयस," म्हणाला आणि मशीनवर ठेवून दिलं. दारातल्या माझ्या मोपेडकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुझ्यासारखी कोरी ठिवतो."

"दादा, अनिश्चित दाखवेल. घाटात कोण थांबणार?"

"तू येशील."

"मोपेडवर? कुंभार्लीला?"

"मग मी घाटात जात न्हाई. कराडला येतो."

मी खूप समजावलं. डॉक्टरांची भीती घातली, वहिनीची शपथ घातली. लहानपणापासून तो एकदा नाही म्हणाला की नाही. शेवटी त्यानं गाडी सुरू केली आणि काच खाली करून म्हणाला, "वारुंजी फाट्यापतूर सोडायला ये. कोन किती लांब ऱ्हातं, बघू दोघं."

मी दुकानाला कुलूप लावून मोपेड काढली. तो पुढे, मी मागे. पाटणच्या रस्त्याला लागलो आणि मी आरशात बघितलं. माझ्या मागे आलेल्या गाड्या एक-एक करून मागे पडत होत्या, रहाटाच्याही आणि पानाच्याही. त्याच्या पुढच्या गाड्या वेग वाढवून लांब गेल्या. भर वाहतुकीत रस्त्याचा एवढा तुकडा मोकळा आणि त्यात आम्ही दोघं.

माझ्या हँडलवरची चाहूल गोड आवाजात म्हणाली, "पुढे अनिश्चित. अंतर वाढवा."

ती दर शंभर फुटांवर तेच सांगत होती. फाटा आला. मी परत फिरायचं ठरलं होतं. पण फाटा मागे पडला आणि दादानं खिडकीतून हात बाहेर काढून ये म्हणून खूण केली. मी चाहुलीवर रुमाल बांधला आणि त्याच्या डिकीजवळ गेले, कोऱ्या लाल डिकीवर माझ्या दिव्याचा उजेड पडेल इतकी जवळ. पाटणच्या घरी मी सात वर्षांत बसले नव्हते. बॅटरी मल्हारपेठेच्या पुढे पुरणार नव्हती. पुढे दादा होता.